हेलरीगेल-विल्फार्टचा वाळूतला वाटाणा-ओट प्रयोग पुन्हा करायचा तर नेमका कसा?

निसर्गवेध (प्रश्न)

हेर्मान हेलरीगेल (१८३१–१८९५) या जर्मन कृषिरसायनज्ञावर विज्ञान मंडळात दोन सत्रं घ्यायची आहेत. पहिलं त्यांच्या कामाबद्दल, दुसऱ्यात त्यांचा वाळूतला प्रयोग प्रत्यक्ष. पाठ्यपुस्तकांत त्यांच्या वाट्याला एकच ओळ येते: शेंगवर्गीय पिकं मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंच्या मदतीने हवेतला नत्र घेतात, हे त्यांनी आणि त्यांचे सहकारी विल्फार्ट यांनी सिद्ध केलं. एवढ्यावरून प्रयोग उभा राहत नाही.

विचारायचं असं आहे. त्यांना कुंड्यांत नेमकं काय दिसलं, आकड्यांत? त्यांच्या आधी फ्रेंच रसायनज्ञ बूसँगो आणि इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड शेती-संशोधन केंद्राचे लॉज, गिल्बर्ट हे अत्यंत काटेकोर लोक याच प्रश्नावर काम करत होते, तर त्यांना नकारार्थी उत्तर का मिळालं? आणि आज हा प्रयोग वाटाणा व ओट घेऊन करायचा तर वाळू, क्षारद्रावण, मातीचा अर्क यांची मात्रा किती, आणि कुठे फसतो? नत्राचं पृथक्करण करण्याची सोय बहुधा नसेल. तरी निष्कर्ष काढता येईल का?

जुनी_प्रयोगवही

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून एकत्र लिहितो.

हेलरीगेल सॅक्सनीतले. टारांटच्या वनविद्यालयात श्टोकहार्ट यांच्या हाताखाली रसायन शिकले, मग ब्रांडेनबुर्गमधल्या डामे इथल्या प्रयोग केंद्रात आले. तिथे त्यांनी जी पद्धत घडवली ती त्यांची खरी कमाई आहे असं माझं मत आहे: धुतलेल्या क्वार्ट्झ वाळूत, जिच्यात पोषण जवळजवळ शून्य आहे, मोजून क्षार द्यायचे, मोजून पाणी द्यायचं आणि शेवटी कोरडं वजन घ्यायचं. मातीत नत्र आधीपासून किती आहे हा प्रश्नच निकाली निघतो. १ ग्रॅम कोरडा माल तयार करायला पीक किती पाणी उडवतं हेही त्यांनी याच कुंड्यांत मोजलं: सातूला सुमारे ३१०, ओटला सुमारे ३७६ ग्रॅम. डामेची ही सगळी कामं १८८३ मध्ये पुस्तकरूपाने आली. तोवर ते आनहाल्टमधल्या बेर्नबुर्गला आले होते आणि १८८२ पासून तिथल्या केंद्राचे प्रमुख होते. ते केंद्र मुख्यतः साखरबीटसाठी होतं. म्हणून नत्रावरचा त्यांचा मोठा प्रबंध १८८८ मध्ये बीटसाखर उद्योगाच्या नियतकालिकाची पुरवणी म्हणून छापला गेला. शोधताना वनस्पतिशास्त्राच्या नियतकालिकांत तो सापडत नाही, याचं कारण हेच.

आता आकडे. कुंडीत दिलेला नत्र (कॅल्शियम नायट्रेटच्या रूपात) आणि ओटचं एकूण कोरडं वजन, दाणे व काड मिळून:

नत्र शून्य: सुमारे ०.४ ग्रॅम
०.०५६ ग्रॅम: सुमारे ५.९
०.११२ ग्रॅम: सुमारे ११
०.१६८ ग्रॅम: सुमारे १६
०.२२४ ग्रॅम: सुमारे २१
०.३३६ ग्रॅम: सुमारे ३०

दर ग्रॅम नत्रामागे साधारण ८८ ते ९८ ग्रॅम वाढ. जवळजवळ सरळ रेषा. त्याच मालिकेतल्या वाटाण्याच्या नत्रशून्य कुंड्या पाहा: एकीत ०.५५ ग्रॅम, दुसरीत ३.५, तिसरीत ५.२. तीच वाळू, तेच क्षार, तेच पाणी, आणि फरक नऊपट. ०.११२ ग्रॅम नत्र दिलेल्या कुंड्यांतही ४.९ पासून ९.८ पर्यंत पसारा.

या टप्प्यावर दुसरा कोणी सरासरी काढून मोकळा झाला असता. ओटच्या कुंड्या अगदी जवळून जुळत असताना वाटाण्याच्या कुंड्या हातचुकीने इतक्या बिघडणार नाहीत, हे हेलरीगेलनी ओळखलं. म्हणजे वाटाण्याला असं काहीतरी मिळतंय जे कुणी मोजून दिलेलं नाही आणि जे काही कुंड्यांत योगायोगाने पोचतं, काहींत पोचत नाही. रोपं आधी पिवळी पडून थांबत, मग त्यांतली काही अचानक हिरवी होऊन वाढू लागत. ज्यांनी उचल घेतली त्यांच्या मुळांवर गाठी होत्या, ज्यांनी घेतली नाही त्यांच्यावर नव्हत्या. हवेतून अपघाताने पडणारं काहीतरी, म्हणजे जंतू. मग त्यांनी तो अपघात स्वतःच्या हातात घेतला: वाळू निर्जंतुक केली, काही कुंड्यांना शेतमातीचा थोडा अर्क दिला, काहींना तोच अर्क तापवून दिला. ताज्या अर्काच्या कुंड्यांत गाठी आल्या आणि वाटाणा वाढला. तापवलेल्या अर्काच्या कुंड्या उपाशी राहिल्या. ओटला दोन्ही अर्कांनी काही फरक पडला नाही. सप्टेंबर १८८६ मध्ये बर्लिनला जर्मन निसर्गशास्त्रज्ञ व वैद्यांच्या अधिवेशनात त्यांनी हे मांडलं.

यावरून आधीच्यांचं काय झालं ते दिसतं. बूसँगोंना १८३८ मध्ये वाटाणा आणि क्लोव्हरमध्ये नत्र वाढलेला दिसला होता, गहू-ओटमध्ये नाही. आक्षेप आले की हवेतली धूळ किंवा अमोनिया आत गेला असेल. म्हणून १८५० च्या दशकात त्यांनी जास्त बंदिस्त, जास्त शुद्ध मांडणी केली, आणि वाढ नाहीशी झाली. रॉथॅमस्टेडला लॉज, गिल्बर्ट आणि प्यू यांनी १८५७-५८ मध्ये भाजलेली माती, काचेची झाकणं, आम्लातून धुतलेली हवा असा बंदोबस्त केला. निष्कर्ष नकारार्थी, प्रसिद्ध १८६१. मोजमाप अचूक होतं. पण अमोनियाला बाहेर ठेवणाऱ्या प्रत्येक उपायाने जिवाणूंनाही बाहेर ठेवलं. १८८६ नंतर रॉथॅमस्टेडने स्वतः प्रयोग पुन्हा केले आणि हेलरीगेल बरोबर असल्याचं मान्य केलं, हे सत्रात जरूर सांगा.

वाळू_आणि_क्षार

कृतीबद्दल लिहितो. ४ किलो वाळूची कुंडी धरून मात्रा देतो. लहान कुंडी घेतलीत तर सगळं त्याच प्रमाणात कमी करा.

वाळू क्वार्ट्झची, ०.५ ते १ मिलिमीटर. याहून बारीक घेतली तर पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही आणि गाठी अशक्त राहतात. समुद्राची वाळू नको, शिंपल्यांचा चुना आणि मीठ दोन्ही त्रास देतात. वाळू ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर भिजवा (हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी). मग साध्या पाण्याने आणि शेवटच्या दोन-तीन वेळा ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा. धुणं पुरेसं झालं का हे सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पाहा: पांढुरकेपणा आला की क्लोराइड शिल्लक आहे. धुवायला कंटाळा केला तर वाळू आम्लधर्मी राहते, आणि सामू (pH) ५ च्या खाली गेला की वाटाण्याच्या जिवाणूला मूळ पकडताच येत नाही. मग ‘अर्क देऊनही गाठी नाहीत’ असा खोटा निकाल हाती येतो. खबरदारी म्हणून कुंडीमागे ४ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटची पूड वाळूत मिसळा. हवेतला नत्र घेणारा वाटाणा मुळांभोवती आम्लता वाढवतोच, ती यामुळे आवरली जाते.

निर्जंतुकीकरण: ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) असेल तर ओलसर वाळू १२१ अंश सेल्सिअसला एक तास, आणि २४ तासांनी पुन्हा एकदा. भट्टी असेल तर कोरडी वाळू १७० अंशांना तीन तास, पण थर ४ सेंटिमीटरपेक्षा जाड नको. कोरडी वाळू उष्णता फार सावकाश आत नेते. खोल डब्यात भरून तापवली तर मधला गाभा कोमट राहतो, आणि नेमका तिथूनच गोंधळ सुरू होतो. कुंड्या निर्जंतुक करून मगच भरा. चिनी मातीच्या किंवा काचेच्या घ्या, काच असेल तर बाहेरून काळा कागद गुंडाळा, नाहीतर आत शेवाळ धरतं.

नत्ररहित द्रावण म्हणून ब्रॉटन आणि डिलवर्थ यांचं द्रावण सोपं आणि खात्रीचं आहे. चार साठे, सगळे प्रति लिटर. पहिला: कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट २९४.१ ग्रॅम. दुसरा: पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट १३६.१ ग्रॅम. तिसरा: फेरिक सायट्रेट ६.७ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट १२३.३ ग्रॅम, पोटॅशियम सल्फेट ८७ ग्रॅम, मँगॅनीज सल्फेट मोनोहायड्रेट ०.३३८ ग्रॅम. चौथा: बोरिक आम्ल ०.२४७, झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.२८८, कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट ०.१००, कोबाल्ट सल्फेट हेप्टाहायड्रेट ०.०५६, सोडियम मॉलिब्डेट डायहायड्रेट ०.०४८ ग्रॅम. फेरिक सायट्रेट गरम पाण्यातच विरघळतं, तेही हळूहळू. मूळ कृतीत एक लिटर पाण्यात प्रत्येकी ०.५ मिलिलिटर टाकतात. तुम्ही १ मिलिलिटर टाका. कारण नत्र दिलेला ओट ११ ग्रॅमपर्यंत गेला की पातळ द्रावणातला पालाश संपतो, आणि मग नत्र असूनही वाढ अडते. साठे एकमेकांत थेट ओतू नका, पहिला आणि दुसरा एकत्र आले की कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसतो. आधी पाणी घ्या, मग एकेक टाका आणि ढवळा. सामू ६.६ ते ६.८ ठेवा. कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम वगळायचा मोह होतो कारण मात्रा नगण्य दिसते. वगळू नका. नत्र पकडणाऱ्या विकराला मॉलिब्डेनम लागतो आणि जिवाणूला कोबाल्ट.

या वाळूची जलधारणा वजनाच्या २५ टक्के धरली तर ४ किलोला एक लिटर. त्याच्या ६० टक्के, म्हणजे ६०० मिलिलिटर द्रावणाने सुरुवात करा. नंतर कुंडी वजन करून जितकं पाणी उडालं तितकंच भरा, निम्मं द्रावण, निम्मं पाणी. पूर्ण भिजवून ठेवलेल्या वाळूत गाठी येतात पण काम करत नाहीत, त्यांना प्राणवायू लागतो.

बियाणं बुरशीनाशक न लावलेलं घ्या, लावलेलं असलं तर जिवाणू मरतात. ९५ टक्के अल्कोहोलमध्ये १० सेकंद, मग ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ४ मिनिटं, मग निर्जंतुक पाण्याने सहा वेळा धुवा. जुन्या कृतींत यासाठी पाऱ्याचं क्लोराइड असे. ते विष आहे, आज त्याची गरज नाही. कुंडीत वाटाण्याचे ४ दाणे लावून २ रोपं ठेवा, ओटचे १० लावून ७ ठेवा.

मातीचा अर्क: ज्या शेतात नुकताच वाटाणा होऊन गेला आहे तिथली ताजी माती १०० ग्रॅम, निर्जंतुक पाणी ५०० मिलिलिटर. अर्धा तास हलवा, तीन-चार तास निवळू द्या, वरचं गढूळ पाणी काढा. इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी निवळलेलं पाणी एकत्र करा, मग त्याचे दोन भाग करा आणि एक भाग ३० मिनिटं उकळा. उकळताना आटेल तेवढं पाणी परत भरा. कुंडीला २५ मिलिलिटर, पेरणीच्या वेळीच. माती उन्हात वाळवलेली किंवा महिनोन्‌महिने पिशवीत पडलेली नको.

मांडणी दोन्ही पिकांसाठी सारखीच ठेवा: काहीच नाही, ताजा अर्क, उकळलेला अर्क, अर्काशिवाय नायट्रेट. प्रत्येकी किमान चार कुंड्या. जागा कमी असेल तर ‘काहीच नाही’ गट सोडा, पण उकळलेल्या अर्काचा गट कधीही सोडू नका. अर्कातून थोडे क्षारही जातात, आणि वाढ क्षारांनी झाली की जिवाणूंनी, हा वाद फक्त तोच गट मिटवतो.

मृदाटिपण

वरील कृती योग्य आहे. दोन मुद्द्यांची भर घालणे आवश्यक वाटते, कारण नेमके तेथेच हा प्रयोग फसतो.

पहिला मुद्दा पाण्याचा. ‘निम्मं द्रावण, निम्मं पाणी’ यातले पाणी, आणि द्रावण ज्यात करायचे तेही पाणी, ऊर्ध्वपातित किंवा क्षारमुक्त केलेलेच हवे. जर्मनीसह युरोपीय संघात पिण्याच्या पाण्यात लिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते, म्हणजे सुमारे ११ मिलिग्रॅम नत्र. वर दिलेल्या ओटच्या आकड्यांनुसार इतक्या नत्रावर सुमारे १ ग्रॅम कोरडा माल तयार होतो. जी कुंडी ०.४ ग्रॅमवर थांबायला हवी ती एका लिटरमागे १ ग्रॅमने पुढे जाणार. शिवाय ती वाढली की अधिक पाणी पिणार आणि त्यातून अधिक नत्र घेणार. पिण्यास निर्दोष असलेले पाणी या प्रयोगाला नालायक ठरू शकते. विहिरीचे पाणी तर मुळीच वापरू नये.

दुसरा मुद्दा नायट्रेटचा. बाजारात खत म्हणून मिळणाऱ्या कॅल्शियम नायट्रेटमध्ये अमोनियमही असते आणि एकूण नत्र सुमारे १५.५ टक्के असतो. प्रयोगशाळेतील शुद्ध टेट्राहायड्रेटमध्ये तो ११.९ टक्के. खत वापरून शुद्ध क्षाराचा हिशेब लावल्यास मात्रा एकदम तीस टक्क्यांनी चुकते. शुद्ध टेट्राहायड्रेट घेतल्यास ०.०५६ ग्रॅम नत्रासाठी ०.४७२ ग्रॅम, ०.११२ साठी ०.९४४ ग्रॅम, ०.३३६ साठी २.८३ ग्रॅम क्षार लागतो. तुमच्या नायट्रेट गटाला ०.११२ पुरे, तीन हप्त्यांत विभागून. हेलरीगेल यांची सरळ रेषा दाखवायची असल्यास ओटच्या आणखी दोन मात्रा वाढवाव्यात. सत्रात ती रेषाच सर्वांत प्रभावी ठरेल, कारण तिच्याशिवाय वाटाण्याचे बंड दिसत नाही.

नायट्रेट दिलेल्या वाटाण्यावर गाठी कमी किंवा उशिरा येतात, हेही लक्षात असू द्यावे. म्हणून ‘ताजा अर्क अधिक नायट्रेट’ असा गट करून दुप्पट वाढीची अपेक्षा धरू नये.

आता पृथक्करणाविना निष्कर्ष काढता येईल का? येईल, पण बियाण्यातील नत्राचा हिशेब मांडावा लागेल. वाटाण्याचा दाणा साधारण ०.२५ ग्रॅमचा, त्यात साडेतीन टक्क्यांहून थोडा अधिक नत्र, म्हणजे दाण्यामागे सुमारे ९ मिलिग्रॅम. दोन रोपांचे १८. ओटचा दाणा ०.०३५ ग्रॅमचा, त्यात पाऊण मिलिग्रॅमही नाही. यामुळेच ओट आठवड्या-दीड आठवड्यात पिवळा पडू लागतो आणि वाटाणा तीन आठवडे काहीच झाले नसल्यासारखा हिरवा राहतो. तिसऱ्या आठवड्यात प्रयोग थांबवणाऱ्यांना चारही गट सारखेच दिसतात. किमान सात-आठ आठवडे द्यावेत. त्या वेळी ताज्या अर्काच्या कुंडीत ५ ग्रॅम वाटाणा असेल आणि त्यात अडीच टक्के नत्र धरला, तर १२५ मिलिग्रॅम झाला. बियाण्याने आणलेल्या १८ मधून तो येऊ शकत नाही, आणि अर्कातून जास्तीत जास्त एखाद-दुसरा मिलिग्रॅम येतो. अंदाजाला बरीच चूक माफ करूनही निष्कर्ष टिकतो.

पृथक्करणाची सोय झालीच, तर केल्डाल पद्धत (नमुना आम्लात उकळून, म्हणजे ‘पचवून’, नत्र मोजण्याची पद्धत) वापरावी. ती १८८३ मधली, म्हणजे हेलरीगेल यांना अगदी वेळेवर मिळाली. हेर्मान विल्फार्ट यांनीच १८८५ मध्ये पारा व तांब्यासारख्या धातूंची संयुगे घालून त्यातील पचनाचा वेळ कमी केला. या प्रयोगामागे किती नत्रनिश्चिती कराव्या लागल्या असतील याची कल्पना केल्यास विल्फार्ट यांचे नाव शीर्षकात का आहे ते समजते. मात्र साध्या केल्डालने नायट्रेट मोजले जात नाही. नायट्रेट गटातील वाळूत किंवा रोपात उरलेले नायट्रेट पकडायचे तर पचनापूर्वी सॅलिसिलिक आम्लाची पायरी घालावी लागते. वाळूतील नत्राचा ताळेबंद मात्र मांडू नये असे सुचवतो. ४ किलो वाळूत किलोमागे १० मिलिग्रॅमची चूक झाली तरी ४० मिलिग्रॅम होतात, आणि रोपाच्या आकड्यापुढे ही चूक फार मोठी आहे.

निसर्गवेध

फार उपयोगी. सगळ्यांचे आभार. दोन शंका. उकळलेल्या अर्काच्या कुंड्यांतही गाठी आल्या तर काय समजायचं? आणि वाटाण्याऐवजी ल्युपिन हे दुसरं शेंगवर्गीय पीक घेतलं तर प्रयोग जास्त ठळक होईल का? वालुकामय जमिनीचं पीक म्हणून त्याचा उल्लेख जर्मन संदर्भांत सतत येतो.

गाठमूळ

ल्युपिनचा विचार चांगला आहे पण माती बदलावी लागेल, आणि ही गोष्ट हेलरीगेल-विल्फार्टनीच दाखवली आहे. ज्या चांगल्या शेतमातीच्या अर्काने वाटाणा उचल घेत होता, त्याच अर्काने ल्युपिन आणि सेराडेला (चाऱ्याचं एक शेंगवर्गीय पीक) उपाशीच राहिले. जिथे ल्युपिन वाढतं अशा वालुकामय जमिनीचा अर्क दिल्यावर मात्र त्यांना गाठी आल्या. म्हणजे एकच जंतू सगळ्यांना चालत नाही. आज आपण ते गटांनी सांगतो: वाटाणा, मसूर, व्हेच, बाकला यांना रायझोबियम लेग्युमिनोसारमचा एक प्रकार चालतो, ल्युपिन-सेराडेलाला ब्रॅडीरायझोबियम लागतो. अर्क दोन मातींचे आणि पिकं दोन अशी चौकट मांडलीत तर प्रयोग खरोखर देखणा होईल. पण ल्युपिनच्या कुंडीत कॅल्शियम कार्बोनेट घालू नका, पिवळ्या ल्युपिनला चुना अजिबात सोसत नाही, आणि पानं पिवळी पडली की ती नत्राची भूक वाटते.

जर्मन संदर्भांत ल्युपिन येतं ते शुल्त्स या शेतकऱ्यामुळे. आल्टमार्कमधल्या लुपित्स गावच्या हलक्या वाळूत त्यांनी वर्षानुवर्षं ल्युपिन घेऊन त्यामागून धान्य आणि बटाटा घेतला, फक्त पालाश, स्फुरद आणि चुना देऊन. १८८१ मध्ये त्यांनी पिकांची ‘नत्र जमवणारी’ आणि ‘नत्र खाणारी’ अशी विभागणी छापली. शेतावरचा पुरावा त्यांचा, कुंडीतलं कारण हेलरीगेलचं. आणि जिवाणू वेगळा काढून वाढवला तो डच शास्त्रज्ञ बायरिंक यांनी, १८८८ मध्ये. हेलरीगेलनी जिवाणू वेगळा काढल्याचं काही लेखांत वाचायला मिळतं, ते बरोबर नाही. टारांटचे नोबे आणि हिल्टनर यांचं ‘नायट्राजिन’ हे संवर्धक १८९६ चं, म्हणजे हेलरीगेलच्या मृत्यूनंतरचं.

उकळलेल्या गटात गाठी आल्या तर आधी घाबरू नका, किती कुंड्यांत आणि मुळांवर कुठे आल्या ते बघा. सगळ्याच कुंड्यांत, खोडाजवळच्या जाड मुळावर दाट आल्या असतील तर जंतू सुरुवातीपासून आत होता: वाळूचा गाभा नीट तापला नाही, बी नीट धुतलं गेलं नाही किंवा अर्क पुरता उकळला नाही. एक-दोन कुंड्यांतच, बाजूच्या बारीक मुळांवर तुरळक आल्या असतील तर लागण नंतरची: धूळ, शिंतोडे, मुंग्या, हात. हेलरीगेलच्या सुरुवातीच्या कुंड्यांत नेमकं हेच झालं होतं. अशा कुंड्या फेकू नका, वेगळ्या नोंदवा आणि वजन स्वतंत्र दाखवा.

टाळण्यासाठी: वाळूच्या पृष्ठावर दोन सेंटिमीटर निर्जंतुक जाड खडी किंवा कापूस पसरा. पाणी कायम आधी अर्कविरहित कुंड्यांना, मग उकळलेल्या अर्काच्या, आणि सर्वांत शेवटी ताज्या अर्काच्या कुंड्यांना. झारी दोन ठेवा. गट एकमेकांपासून निदान एक मीटर दूर, कुंड्यांखाली विटा आणि विटांखाली पाण्याचं ताट म्हणजे मुंग्या चढणार नाहीत. कुंडीचं बूड मात्र त्या पाण्याला लागू देऊ नका.

वाळू_आणि_क्षार

गाठी मोजून थांबू नका, कापून पाहा. आतून गुलाबी-लाल असेल तर त्यात लेगहिमोग्लोबिन (गाठीतलं प्राणवायू धरणारं लाल प्रथिन) आहे आणि नत्र पकडणं चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती गाठ एक तर अजून कोवळी आहे, किंवा निकामी, किंवा संपलेली. कापल्यावर लगेच पाहा, हवेत रंग तपकिरी होतो.

पिवळेपणाही ओळखता आला पाहिजे. नत्राची भूक जुन्या, खालच्या पानांपासून सुरू होते, कारण रोप तिथला नत्र काढून शेंड्याला देतं. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता, बहुधा सामू ७.५ च्या वर गेल्याने. फेरिक सायट्रेटचा साठा तळाशी बसला होता का तेही तपासा.

मृदाटिपण

साधारण वेळापत्रक देतो, म्हणजे कोणत्या दिवशी काय दाखवायचे ते ठरवता येईल. २० अंशांच्या आसपास वाटाणा सहा-सात दिवसांत उगवतो. दुसऱ्या आठवड्याअखेर नत्रशून्य ओट फिकट, तिसऱ्या पानानंतर वाढ थांबलेली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात वाटाण्याची भूक दिसू लागते, आणि ती ताज्या अर्काच्या गटातही दिसते. येथे घाबरून नायट्रेट देऊ नये. गाठी तयार होत असतात आणि तोवर बियाण्यातील साठा संपलेला असतो. चौथ्या-पाचव्या आठवड्यात ताज्या अर्काचा गट आठवड्याभरात गडद हिरवा होतो. उकळलेल्या अर्काचा गट तसाच राहतो. हा बदल श्रोत्यांना प्रत्यक्ष दाखवायचा असल्यास प्रत्येक गटाचे छायाचित्र दर तीन दिवसांनी, एकाच अंतरावरून, मागे एकच पांढरा कागद लावून घ्यावे. रंगाचा फरक नुसत्या आठवणीवर सोडता येत नाही.

कापणीच्या वेळी मुळे वाळूतून पाण्याखाली सोडवावीत, ओढू नयेत, अन्यथा गाठी वाळूतच राहतात. मुळे व शेंडा वेगळे करून ७० अंशांना ४८ तास वाळवावेत, आणि सलग दोन वजने सारखी आल्यावरच नोंद करावी. प्रत्येक कुंडीचा आकडा वेगळा लिहावा, सरासरी त्याच्या खाली.

निसर्गवेध

एक शेवटचं. दुसऱ्या सत्राआधी आठ आठवडे हातात आहेत, पण जागा फक्त सोळा कुंड्यांची. ओट कमी करू की गट?

वाळू_आणि_क्षार

गट कमी करा, कुंड्या नाही. वाटाण्याच्या आठ: चार ताज्या अर्काच्या, चार उकळलेल्या. ओटच्या आठ: तीन ताज्या अर्काच्या, तीन उकळलेल्या, आणि दोन ०.११२ ग्रॅम नायट्रेट-नत्राच्या. त्या दोन कुंड्या ११ ग्रॅमच्या जवळपास गेल्या की वाळू, द्रावण आणि उजेड ठीक होते हे कळतं. त्या ५ ग्रॅमवर अडल्या तर वाटाण्याचे आकडे दाखवण्याआधी द्रावण तपासा, सहसा पालाश किंवा सामू निघतो.